लपणातला नियम

नोएलीनने नवऱ्याचा, क्लाइव्हचा कॅमेरा पिशवीतून काढला आणि क्लबच्या टेबलावर ठेवला.

"घे बाबा. नव्या कुणाला तरी शिकायला होईल. तो गेल्यापासून नुसता धूळ खातोय."

रॉस हा पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या त्या क्लबचा सेक्रेटरी. वस्तू पारखल्याशिवाय तो फुकटचीही घेत नसे. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. आत नुसतं करडं धुकं.

"लेन्स गेली की काय याची?"

मग त्याने बघायच्या काचेशेजारचं बारीक चाक चाचपलं. आपापल्या चष्म्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं ते चाक पार शेवटाला जाऊन अडलं होतं.

"एवढा नंबर होता त्याचा?"

"नंबर कसला! डोळेच गेले होते," नोएलीन म्हणाली. "शेवटचं वर्षभर. कडेकडेचं दिसायचं, मधलं काही नाही. क्लबात बोलू नकोस म्हणाला. कीव करतील, ती नको."

रॉसने बटण अर्धं दाबलं. कॅमेरा 'बीप' असं वाजला. फोकस जुळल्याची खूण.

पक्षी टिपायला खाडीकाठी फळ्यांचं लपण बांधलंय. तिथे हा आवाज बंद ठेवायचा, हा क्लबचा पहिला नियम. माणसं तिथे शिंकसुद्धा गिळतात. जानेवारीत क्लाइव्हच्या बीपने अख्खा थवा उडाला, तेव्हा रॉसनेच त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, "चाळीस वर्षं कॅमेरा मिरवतोस आणि एक आवाज बंद करता येईना? चल, नीघ!" क्लाइव्ह हसत हसत उठला. पुन्हा काही तो आला नाही. म्हातारा हट्टाला पेटलाय, असंच सगळे म्हणत राहिले.

रॉसने कॅमेरा टेबलावर ठेवला.

"नोएलीन, तो कानांनी फोटो काढत होता गं. आणि मी त्याला लपणातून हाकलला. चारचौघांत. सांगितलंच असेल त्याने तुला."

नोएलीन उठून खिडकीशी गेली. भरतीचं पाणी चढत होतं आणि उरलेल्या चिखलावर पाणटिवळ्यांच्या थव्यांची इतकी दाटी झाली होती, की पाय ठेवायला जागा नव्हती. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"नाही रे," ती म्हणाली. "लपणात का जात नाहीस विचारलं, तर मला म्हणाला, यंदा पक्षीच आले नाहीत."