उंबऱ्यातली टाइल

“हे कुणी करून ठेवलंय?”

रादिसाव अजून उंबऱ्याच्या बाहेरच होता. नमस्कार व्हायचा होता, बूट काढायचे होते. पण सर्बियातल्या नीश शहरात कुठलाही मिस्त्री कुणाच्याही घरात शिरताना आधी हेच म्हणतो. नळवाला नळाकडे बघून म्हणतो, रंगारी भिंतीकडे बघून. रादिसाव चाळीस वर्षं फरशीकडे बघून म्हणत आला होता. मग मान हलवायची. मग उसासा. उसासा जितका लांब, तितकं काम मोठं.

(इथे उसासा. चांगलाच लांब. हिवाळाभर त्याच्या हाताला काम नव्हतं, आणि स्वयंपाकघर, बोळ, न्हाणीघर मिळून हे आठ दिवसांचं काम होतं.)

“मावशीच्या वेळची फरशी आहे,” यागोदा म्हणाली. मावशीमागे फ्लॅट तिच्याकडे आला होता, आणि तिला तो विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचा होता. “सगळी फोडा, नवीन घाला. पण स्वस्तातली टाइल हं. सगळ्यात स्वस्त.”

“बाई, स्वस्त टाइल म्हणजे बिस्किट. हवं तर कॉफीत बुडवा, पायाखाली नका घालू.”

“पोरं राहणार आहेत इथं, राजे नाही.”

“राजे परवडले! राजाच्या हातून बिडाचा तवा कधी पडत नाही. पोरांच्या हातून आठवड्याला पडतो.”

“तुमच्या घरी कुठली टाइल आहे हो?”

रादिसावने विषय बदलला. त्याच्या घरी अजून नुसतं सिमेंट होतं. बायको एकवीस वर्षं आठवण करून देत होती.

बऱ्याच ओढाताणीनंतर मधल्या दराच्या टाइलवर दोघं थांबले. तरी यागोदाचा जीव अडकलेलाच. “पण ही खरंच वाईट आहे का? मला तर बरी दिसते.”

“वरून बरी. आतून पोकळ. त्या काळातली कामं ती! थांबा, दाखवतोच.”

तो उकिडवा बसला. गुडघे कडकडले. उंबऱ्याजवळच्या पहिल्या टाइलच्या सांध्यात त्याने छिन्नी लावली आणि हातोडीचा एक हलका टोला दिला. टाइल अख्खीच्या अख्खी वर आली.

“बघा! एका टोल्यात! काय म्हणालो मी?”

यागोदाचं तोंड उतरलं. “फोडा मग,” म्हणाली आणि कॉफी ठेवायला आत गेली.

रादिसावने टाइल उलटी केली.

मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर जुनं, ठसठशीत.

“मी केलंय. आता बाकीच्या वाजवून बघ, मग बोल. — दोब्रिवोये, १९८१.”

रादिसावने मागे वळून पाहिलं. बोळात कुणी नव्हतं.

टाइलखाली सिमेंटचा माल नव्हताच, नुसती वाळू होती. पुढचा मिस्त्री पहिली छिन्नी जिथे लावणार, बरोबर तिथली एकच टाइल त्या माणसाने सैल ठेवली होती.

रादिसावने हातोडी उलटी धरली आणि दांड्याने वाजवायला सुरुवात केली.

ठण्.

दुसरी. ठण्. भरीव.

स्वयंपाकघरात, ओट्याखाली, जिथे कुणी बघत नाही. ठण्.

न्हाणीघराचा कोपरा तरी? कोपऱ्यात माल सगळेच चोरतात. रादिसावसुद्धा.

ठण्.

त्याने तांब्याभर पाणी ओतलं. पाणी कुठेही न रेंगाळता सरळ मोरीकडे गेलं.

आतून कॉफीचा वास येऊ लागला. कॉफी वर येईपर्यंतच काय तो वेळ होता. टाइल पिशवीत टाकली की झालं. यागोदाला भरीव आणि पोकळ यातला फरक कळत नव्हता. आठ दिवस काम. आणि आठव्या दिवशी, गुडघे टेकून बघितलेली आयुष्यातली सगळ्यात चांगली फरशी कचऱ्याच्या गोण्यांत, तिच्या जागी मधल्या दराची, आणि न्हाणीघराचा कोपरा पोकळ.

यागोदा दोन कप घेऊन आली. “कुठून सुरुवात करताय?”

“पोरी,” तो म्हणाला. सकाळपासून तो तिला बाई म्हणत होता. “ही फोडायची नाही. इतकी चांगली मला कधी बसवता आली नाही. आणि हिच्याइतकी स्वस्त तुला बाजारात मिळायची नाही.”

यागोदाने कप खाली ठेवले. “मिस्त्री, तुम्हाला बरं वाटतंय ना? चक्कर वगैरे?”

त्याने टाइल पुढे केली. तिने वाचलं, आणि इतकी हसली की पाय लागून कप कलंडला. कॉफी फरशीवर पसरली. एका फडक्यात साफ. डाग नाही.

“आणि तुमचे आठ दिवस?”

“अर्धा. सांधे भरतो, कडा घासतो. झालं.” त्याने उरलेल्या कपातला मोठा घोट घेतला. मग कानावरची पेन्सिल काढली, टाइलच्या मागे काहीतरी लिहिलं, वाळू सारखी केली आणि टाइल होती तशी ठेवून दिली.

तेवढ्यात बॉयलर बघायला नळवाला तिहोमिर आला. उंबरा ओलांडताना त्याच्या पायाखाली टाइल किंचित डुगडुगली. तो थांबला. खाली बघितलं. मान हलवली. लांब उसासा सोडला.

“हे कुठल्या गाढवाने करून ठेवलंय?”

यागोदाने ओठ घट्ट मिटले. रादिसावने मान वर न करता छिन्नी त्याच्याकडे सरकवली.

“उचलून बघ.”

तिहोमिरने टाइल उचलली, उलटी केली. दोब्रिवोयेच्या ओळीखाली ताजी पेन्सिल होती.

“सगळ्या वाजवल्या. गप्प बसलो. — रादिसाव.”