गुरुवारच्या आत

सोमवारी सकाळी पाना पुन्हा निसटला आणि फिटरच्या दोन बोटांची सालटी निघाली. नट जागचा हलला नव्हता.

“शिव्या देऊन सुटत असता तर कालच सुटला असता,” कुंपणापलीकडून वेल्डर म्हणाला. गेल्याच वर्षी शेजारी राहायला आलेला हा गडी बोलायला बसला की थांबायचं नाव घेत नसे.

फिटरने बोटं तोंडात घातली. मागच्या अंगणात चार वर्षं ताडपत्रीखाली पडलेली गॅसची ग्रिल आता उघडीवाघडी उभी होती. झाकणाच्या बिजागऱ्या गंजून एकजीव झाल्या होत्या. बर्नरच्या नळ्या हात लावताच वाळक्या पानासारख्या चुरल्या. एक चाक केव्हाच गळून पडलं होतं. फिटरने आयुष्यभर घरोघरी गॅसच्या नळ्या जोडल्या होत्या, पण इतकं मेलेलं सामान त्याने पाहिलं नव्हतं.

“भंगारात का नाही देऊन टाकत?”

“मुलगी देऊ देत नाही. तिच्या नवऱ्याची हौसेची वस्तू. रविवार आला की चिमटा घेऊन इथेच उभा असायचा.” फिटरने नटावर तेल सोडलं. “गुरुवारी येतोय तो. त्याच्या आत झाली पाहिजे.”

“सासरा असावा तर असा!” वेल्डर म्हणाला.

गॅस चालू-बंद करायचा पुढचा कॉक पहिल्याच दिवशी निघाला होता. तो मूळचा नव्हता, फिटरनेच कधीतरी बाहेरून आणून बसवलेला. अर्धवट उघडा अडकून बसला होता, पूर्ण बंद होतच नव्हता. संध्याकाळी फिरायला जाताना फिटर तो पुलाजवळच्या कचराकुंडीत टाकून आला. नवा कॉक चटकन बसला. उरला होता तो नळीच्या तोंडाचा नट, सिलिंडरची नळी जिथे जोडतात तिथला. बाकी सगळं बदलता येत होतं. हा निघाल्याशिवाय नळी बदलता येत नव्हती.

मंगळवारी मुलगी चहा घेऊन आली आणि कप हातात तसाच धरून उभी राहिली.

“बाबा, राहू द्या ना. तो काही ग्रिल बघायला येत नाहीये.”

“चार वर्षं तिकडचं खाऊन कंटाळला असेल.”

“निम्मा झालाय तो.”

“म्हणून तर.”

मुलगी महिन्यातून एकदा त्याला भेटून यायची आणि आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलायची नाही. फिटर कधी गेला नव्हता. प्रवास झेपत नाही म्हणायचा. ती गेली की तो घरात एकटाच उरे. बायको गेल्यापासून त्या घरात भांड्याला भांडं लागत नव्हतं.

“आई असती तर काय म्हणाली असती?” मुलीने विचारलं.

फिटरने हातोडा उचलला आणि पान्याच्या दांड्यावर घाव घातला. पाना उडून भिंतीवर आदळला. मुलीने कप पायरीवर ठेवला आणि ती आत गेली. चहावर साय धरली तरी त्याने तो घेतला नाही.

बुधवारी दुपारपर्यंत सगळे उपाय संपले. रॉकेल झालं, उकळतं पाणी झालं, दांड्याला पाइप लावून अंगाचा सगळा भार टाकून झाला. नटाचे कोपरे झिजून गोल झाले. फिटर पालथ्या बादलीवर बसला. हे आपल्याच्याने व्हायचं नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. आणि मध्ये एकच रात्र होती.

“सरका,” वेल्डर म्हणाला. कुंपणावरून वेल्डिंगची टॉर्च घेऊन तो केव्हा आत आला, ते फिटरला समजलंही नव्हतं.

“नको. मी बघतो.”

“तीन दिवस बघताच आहात. आता मला बघू द्या.”

फिटर दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा त्याच्यात जोर उरला नाही. निळी ज्योत नटावर फिरली. नट लाल झाला. वेल्डरने पकड लावली, दात आवळले. टक्‌ असा आवाज झाला आणि नट फिरला.

निवल्यावर वेल्डरने तो बोटांत धरून उन्हात न्याहाळला. फिटरने तळहात पुढे केला.

“द्या.”

“छे! एवढा झगडलो त्याच्याशी. हा माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवणार. तुम्हाला नवा देतो की.”

त्याने तो खिशात टाकला. फिटरचा तळहात तसाच पुढे राहिला.

गुरुवारी अकरा वाजता ग्रिल पेटली. एकसारखी, निळी, आवाज न करता. फिटर तिच्याकडे पाहत उभा होता, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसत नव्हता.

दारात रिक्षा थांबली. मुलगी उतरली, मागून जावई. केस बारीक कापलेले, शर्ट खांद्यावरून ओघळणारा, हातात एक कापडी पिशवी. अंगणात येऊन तो ज्योतीपासून चार पावलांवर थबकला.

“या जावईबापू,” फिटर म्हणाला. “तुमच्यासाठी चालू केली.”

जावई ज्योतीकडेच पाहत राहिला. मुलीने त्याचा दंड धरला.

ती शांतता ग्रिलपाशी उभ्या असलेल्या वेल्डरला सोसवली नाही. “अहो, सासऱ्याने काय घाम गाळलाय! या एका नटाने दमवलं आम्हाला.” त्याने किल्ल्यांचा जुडगा काढून जावयाच्या हातात दिला. “बघा, गंज नुसता वरवर. आतले आटे कसे नव्यासारखे चकचकीत! शेवटच्या आट्यापर्यंत आवळून बसवलेला. ज्याने बसवला, त्याच्या हाताला मानलं!”

जावयाने नट उलटापालटा करून पाहिला. बराच वेळ पाहिला.

“काका,” तो हळूच म्हणाला, “हे एवढं मला कागदावर लिहून द्याल? हा नट मी सैल सोडला, म्हणून भडका उडून आई गेल्या, असं बाबांनी कोर्टात शपथेवर सांगितलं होतं.”