साहेबगिरी

"तिथे साहेबगिरी करू नका. विचारतील तेवढंच बोला," हातावर दही घालताना बायकोने सबनीसांना बजावलं होतं. पंपांच्या कारखान्यात अर्धी हयात त्यांनी लोकांच्या मुलाखती घेण्यात घालवली. कारखाना बंद पडला आणि चोपन्नाव्या वर्षी मुलाखती द्यायची पाळी आली. सगळीकडे 'तुमचा अनुभव जरा जास्तच आहे' असं गोड बोलून बोळवण होत होती.

आज शिपायाने त्यांना रिकाम्या केबिनमध्ये बसवलं आणि तो निघून गेला. बऱ्याच वेळाने दार ढकलून तिशीतली एक बाई धापा टाकत आत आली.

"या, बसा. आधी पाणी घ्या," सबनीस म्हणाले.

ती बसली. घटाघटा पाणी प्यायली.

"हं. सध्या काय करता?"

"इथेच मॅनेजर आहे. तुमची मुलाखत घ्यायला आलेय."

सबनीसांनी खाली पाहिलं. सवयीने ते टेबलामागच्या गुबगुबीत, फिरत्या खुर्चीत जाऊन बसले होते. कानशिलं तापली. दही वाया गेलं! ते धडपडत उठू लागले.

"राहू द्या हो," ती हसू दाबत म्हणाली. "पण खरं सांगा, मला नोकरीवर घेतलं असतंत?"

नोकरी तर नाहीतरी हातची गेलीच. मग खरं बोलायला काय हरकत? "घेतलं असतं. पण उशिरा आलात म्हणून आधी दोन शब्द सुनावले असते."

ती खळखळून हसली.

"सोमवारी वेळेवर येते," ती म्हणाली. "तुम्हीही या."