जाड काच

शाळांच्या नव्या कायद्यावर समितीची बैठक बंद दाराआड चालली होती. "आतला एक शब्द बाहेर गेला, तर तुझी नोकरी गेली," असं साहेबांनी शिपायाला बजावलं होतं. तो जाड काचेच्या दाराशी आतल्या बाजूला उभा होता.

"पालकांना फीची कूपनं वाटू, खासगी शाळा त्यांनी शोधावी. बहिऱ्या मुलांचे सरकारी वर्ग बंद. आजच उरकून टाका, गाजावाजा नको," साहेब समितीला सांगत होते.

शिपायाची लेक त्यांतल्याच एका वर्गात होती. तिला कुठली शाळा घेणार?

काचेपलीकडे पालकांच्या गर्दीत लेकीच्या बाई उभ्या होत्या. त्या एकटक त्याच्याकडे बघत होत्या. त्याने मागे वळून पाहिलं. साहेब कागदांत गुंतले होते.

थोड्याच वेळात बाहेर एकच गलका उसळला. "आमचे वर्ग बंद करू देणार नाही!"

साहेब धावत आले. "यांना कळलं कसं? दाराला तोंड फुटलं का रे?"

"लेकीची शपथ, साहेब. तोंडातून एक शब्द काढला नाही."

आणि लेकीशी रोज बोलणारे हात त्याने पाठीमागे घट्ट धरले.