ओलं लुगडं

“ओल्या लुगड्याने स्टेशनं मरतात!” रेडिओच्या एरियलच्या तारेवर बायकोने, कृष्णाबाईंनी, लुगडं वाळत घातलं म्हणून भीमाचार्यांनी अबोलाच धरला होता. पुढे चीनशी युद्ध पेटलं. मुलगा गुंडो सरहद्दीवर, आणि रेडिओवर एकटी दिल्ली. तिच्या मते सगळं छान चाललं होतं. आचार्यांना आणखी स्टेशनं हवी होती. बसवनगुडीतल्या घराच्या गच्चीवर त्यांनी बांबू हलवले, तार ताणली. खालून कृष्णाबाई ओरडल्या, “स्वल्प डावीकडे! सरी, सरी, बस्स! कुणी साहेब बोलतोय, खणखणीत!” आचार्य विजयी मुद्रेने खाली आले. साहेब इंग्रजीत शांतपणे सांगत होता: गुंडो होता ती चौकी पडली, कुणी वाचल्याची खबर नाही. “काय म्हणतो हो?” “लंडनला धुकं आहे.” सकाळी कृष्णाबाईंनी रेडिओ लावला. “अहो, साहेब गेला! नुसती खरखर!” वर आचार्य तारेवर ओलं धोतर पसरत होते. “असू दे. तुझं लुगडंही आण.”