चित्र अडकतंय

“हे बघा ताई, काटा पार टोकाला गेलाय. तुमचं नेट सुसाट आहे.”

नेटवाल्याने स्पीड टेस्टचा आकडा बाईंपुढे धरला. बाई शिवणयंत्रावर कोपर टेकून बसल्या होत्या. त्यांनी आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“मग माझ्या मुलाला त्या टेस्टमध्येच बोलवा ना, भाऊ.”

नेटवाल्याला हसू आलं आणि लगेच जिरलंही. बाईंच्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दूरच्या शाळेच्या वसतिगृहात राहायचा तो. रोज संध्याकाळी मायलेक व्हिडिओवर समोरासमोर बसायची आणि हातांनी पोटभर गप्पा मारायची. गेल्या आठवड्यापासून नेमकं त्याच वेळी चित्र थिजत होतं. आईचा हात हवेत अर्धवट, चेहरा दगडासारखा. पोराने समज करून घेतला होता, आई रागावलीय, तिने बोलणं टाकलंय.

“काल संध्याकाळी वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला होता,” बाई म्हणाल्या. “आज शेवटचं बसतो म्हणतोय फोनसमोर. उद्यापासून नाही.”

तो फोनही नेटवरूनच होता, पण अगदी स्वच्छ ऐकू आला होता.

का, ते नेटवाल्याला चांगलं ठाऊक होतं. संध्याकाळी गर्दी झाली की कंपनी आवाजाला आधी वाट द्यायची आणि चित्राला मागे थोपवायची. चित्र म्हणजे नुसती करमणूक, असं वरच्यांनी ठरवून टाकलेलं. स्पीड टेस्टला मात्र सगळ्यांच्या पुढे काढायचं, म्हणजे तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद! दारोदार हेच नाटक करून तो पार आंबून गेला होता. स्वतःचीच शिसारी आली होती त्याला.

“खरं सांगू, ताई? बिघाड काहीच नाही. वरूनच अडवतात. माझ्या हातात काही नाही.”

“बरं,” बाई म्हणाल्या. भांडायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

वेळ झाली. बाईंनी फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. मुलगा दिसला, काहीतरी विचारायला त्याने हात उचलला आणि चित्र थिजलं. बाईंनी उजवा तळहात गालावर ठेवला आणि तशाच बसून राहिल्या.

“हे काय हो?”

“हलता हात पोचत नाही. मग आज एकच गोष्ट सांगते. थिजायचंच असेल तर यावर थिजू दे.”

“म्हणजे काय याचा अर्थ?”

“मी इथेच आहे.”

हाताला रग लागली तरी बाईंनी तो खाली घेतला नाही. नेटवाल्याला बघवेना. त्याच्या खिशात कंपनीने दिलेला फोन होता. कर्मचाऱ्यांच्या फोनला कुणी अडवत नसे, पण तो गिऱ्हाइकासाठी वापरायची सक्त मनाई.

“गेली नोकरी खड्ड्यात,” तो पुटपुटला आणि आपल्या फोनचं नेट त्याने बाईंच्या फोनला जोडून दिलं.

चित्र तुटलं, पुन्हा आलं. पडद्यावर मुलगा होता. तळहात गालावर. ढिम्म.

“कर्म माझं! इथेही अडकलंच!” नेटवाला मटकन स्टुलावर बसला.

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्या हसत होत्या.

“नीट बघा, भाऊ.”

त्याने वाकून पाहिलं. मुलाच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता, मागे पोरं इकडून तिकडे धावत होती. आईला दिसावं म्हणून तो एकटाच तेवढा हलायचं नाव घेत नव्हता.