साथसंगत

बँड मोडला, ड्रमर मस्कतला गेला, तेव्हा दिगंबरने मुलुंडच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून एकट्यानेच रॉक गाण्यांची कॅसेट करायला घेतली. शेवटचं गाणं अठरा मिनिटांचं, आणि मधोमध ड्रमरसाठी जुन्या सवयीने सोडलेली जागा. आज नेमक्या तिथेच शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या टेपवर उतरल्या. तो तणतणत मालनकाकूंच्या दारात गेला. "काकू, गाण्याची वाट लावलीत." "कशी? तू गातोस तेव्हा गॅस बारीकच ठेवते. मध्ये गप्प बसतोस ना, तेवढ्यात मोठा केला." "ती जागा तुम्हाला माहीत आहे?" "दोन महिने ऐकतेय रे. इंग्रजी कळत नाय, पण तिथे कुणाची तरी वाट बघतोस, एवढं कळतं." शिट्ट्या त्याने पुसल्या नाहीत. कॅसेटच्या कव्हरवर सगळीकडे त्याचंच नाव होतं. फक्त 'साथसंगत'पुढे जागा कोरी. तिथे त्याने लिहिलं, 'कुकर: मालनकाकू'.